एकट्याचा जादा आकार

‘आम्ही प्रवासास निघालों’ या वाक्यानें वाचकांची फसगत होऊं नये म्हणून आरंभींच सांगून टाकतों, कीं यांतील ‘आम्ही’ एकवचनी आहे. छापील कागदावर स्वतःस ‘मी’ म्हणण्याचा धीर आम्हांस कधींच झाला नाहीं, आणि वाचकही तें चालवून घेतात. पण सहली काढणाऱ्या कंपनीच्या अर्जावर ‘प्रवासी किती?’ असा रकाना असतो. तेथें ‘आम्ही’ लिहून भागत नाहीं. एकाचा आंकडा घालावा लागतो. तो घालतांच खालच्या ओळींत एक भली मोठी रक्कम उमटली. ती म्हणजे एकट्याचा जादा आकार. दोघांची खोली एकट्यानें अडवली तर दुसऱ्या खाटेचे पैसेही त्यानेंच भरावे, असा या धंद्याचा शिरस्ता आहे. यांतून सुटण्याची वाट एकच: कोणा अनोळखी एकट्याबरोबर खोली वांटून घ्यावयाची. आम्हीं ती पत्करली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं परक्या माणसाचें घोरणें ऐकण्याची तयारी ठेवणें हें धाडस कीं काटकसर, याचा निकाल आमच्या घरीं अद्याप लागलेला नाहीं.

आमचें कुटुंब बरोबर कां नव्हतें, असेंही कोणी विचारील. तिला बोट लागते. मालवणच्या किल्ल्यास जातांना होडींत बसून तिनें जो निश्चय केला, तो पंचवीस वर्षें टिकला आहे. तेव्हां २०२४ सालच्या सप्टेंबरांत आम्ही एकटेच निघालों. आधीं बोस्नियांतील सारायेव्हो व मोस्तार, मग क्रोएशियांतील डुब्रोव्हनिक, आणि तेथून आठवडाभर शिडाच्या बोटीनें दाल्मेशियाच्या बेटांमधून स्प्लिटपर्यंत, असा बेत होता. (जाणाऱ्यांच्या सोयीसाठीं सांगून ठेवतों: क्रोएशियासाठीं शेंगेन व्हिसा लागतो; तो अनेक वेळां प्रवेशाचा काढला, तर बोस्नियाकरितां निराळा काढावा लागत नाहीं.)

बाल्कनच कां, याचें खरें उत्तर आम्हीं निघतांना कोणास दिलें नाहीं. तें असें. १९६३ च्या सुमारास, आम्ही दहा वर्षांचे असतां, आमच्या वडील बंधूंनीं म्हणजे दादांनीं टपालाच्या तिकिटांची एक वही केली होती. तींत युगोस्लाव्हियाचें एक पान होतें. त्या तिकिटांवर देशाचें नांव दोनदां छापलेलें असे. एकदां रोमन लिपींत आणि एकदां सिरिलिक लिपींत. दादांनीं एकाखालीं एक अक्षरें मांडून त्या नांवावरून सिरिलिक वर्ण ओळखून काढले व ते आम्हांस शिकविले. दुपारच्या वेळीं माजघरांत पालथें पडून आम्ही दोघे त्या देशाचें नांव परकीय लिपींत गिरवीत असूं. पुढें १९९१ पासून तो देश फुटूं लागला. ‘आतां या पानाचें काय करावयाचें?’ असें दादांनीं एका पत्रांत विचारलें होतें. त्या काळीं आम्हां दोघांत पत्रव्यवहार होता.

सारायेव्होच्या पहिल्याच संध्याकाळीं आमचा मेळा जमला. आम्ही धरून पंधरा माणसें. सात जोडप्यांची चौदा व्हावयाचीं, पण तसें नव्हतें. एकटे आलेले नऊ होते. एकट्यानें यावयाचें आणि मेळ्यांत हिंडावयाचें, ही तऱ्हा आम्हांस आधीं हास्यास्पद वाटली होती. दोन दिवसांत तिचें मर्म कळलें. मेळ्यांत एकट्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि बोलावेंसें वाटलें तर बसच्या बाकावर कोणी तरी असतेंच. आमच्या वांट्यास आलेले खोलीचे भागीदार हे स्कॉटलंडचे एक वृद्ध गृहस्थ. रेल्वेंत सिग्नल संभाळून निवृत्त झालेले. ते फार कमी बोलत आणि रात्रीं, ईश्वरकृपेनें, अगदीं बेतानें घोरत.

सारायेव्होविषयीं वाचकांस दोन गोष्टी ठाऊक असतील. २८ जून १९१४ रोजीं लॅटिन पुलाच्या तोंडाशीं ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला व त्यांतून पहिलें महायुद्ध पेटलें. आणि एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १४२५ दिवस, या शहरास वेढा पडला होता. पहिल्या गोष्टीचा फलक आहे. दुसरीच्या खुणा पायांखालीं आहेत. तोफगोळा पडून फरसबंदीस जे खड्डे पडले, त्यांपैकीं कित्येक तांबड्या राळेनें भरून ठेविले आहेत. तेथील लोक त्यांस ‘गुलाब’ म्हणतात. चुकून पाय पडला कीं मन दचकतें. विमानतळाच्या खालून १९९३ मध्यें खणलेलें भुयार सुमारें ८०० मीटर लांब होतें. अन्न, औषधें, जखमी माणसें, सारें त्यांतून जाई. आतां थोडासा तुकडा दाखविण्यापुरता राखला आहे. त्यांत आम्ही वांकून शिरलों व बाहेर येईपर्यंत कंबर धरली. तेवढ्यानें आमची फजिती. त्या लोकांनीं पाठीवर पिठाचीं पोतीं घेऊन तें अंतर काटलें होतें.

बाश्चार्शिया नांवाच्या जुन्या बाजारांत तांब्याच्या लहान भांड्यांतून कॉफी देतात, सोबत गुलाबी वडीसारखी मिठाई. शेजारच्या म्हाताऱ्यानें आम्ही भारतीय असें कळतांच दोन बोटें जोडून दाखविलीं आणि म्हटलें, ‘टिटो, नेहरू.’ मग बोटें हळूहळू दूर नेलीं आणि खांदे उडविले. १९६१ सालीं बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली तेव्हां तो तरुण असावा. त्यानें सिगारेटचें पाकीट पुढें केलें. आम्ही ओढीत नाहीं, पण पाकीट हातांत घेऊन बसलों. त्यावर ‘धूम्रपान मारतें’ ही एकच सूचना तीन वेळां छापलेली: बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन अशा तीन भाषांत. पहिल्या दोन ओळी अक्षरशः एक. तिसरीही तीच, मात्र सिरिलिक लिपींत. ती आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविली तेव्हां म्हाताऱ्यानें टाळी दिली आणि विचारलें, ‘कोठें शिकलांत?’ ‘भावानें शिकविलें,’ असें आम्ही बोलून गेलों. भावास त्या भाषेंत ‘ब्रात’ म्हणतात. आपला भ्राताच तो. सात म्हणजे ‘सेदाम’, आठ ‘ओसाम’, दहा ‘देसेत’. रस्त्यांत जो तो ज्याला त्याला ‘ब्राते, ब्राते’ म्हणून हांका मारतो. टॅक्सीवाला वाहतुकीच्या पोलिसाशीं भांडतांनाही तेंच संबोधन वापरतो.

खाण्याचे हाल झाले नाहींत. भाजणीच्या थरांची जी लांबट, गुंडाळलेली रोटी तेथें सर्वत्र मिळते, तिच्यांत पालक किंवा बटाटा मागावा. ‘पनीरचा बुरेक’ मात्र बोस्नियांत मागूं नये. बुरेक तो फक्त मांसाचा, पनीरचा असेल तर त्यास निराळें नांव आहे, आणि या बाबतींत तडजोड नाहीं.

मोस्तारला नेरेत्वा नदी खोल घळींतून हिरवीगार वाहते, आणि तिच्यावर एका कमानीचा तो प्रसिद्ध दगडी पूल. सुलतान सुलेमानाच्या आज्ञेनें मिमार हायरुद्दीन यानें तो १५६६ मध्यें पुरा केला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं क्रोएट सैन्याच्या तोफांनीं तो नदींत पाडला. पुन्हां त्याच जातीच्या दगडाचा, त्याच घाटाचा उभारून २३ जुलै २००४ रोजीं खुला केला. कठड्यावर तरुण पोरें उभीं राहतात. प्रेक्षकांकडून पुरेसे पैसे जमल्याखेरीज उडी घेत नाहींत आणि जमले कीं वीसएक मीटर खालीं त्या थंडगार पाण्यांत पाय जोडून पडतात. आमच्या मेळ्यानें टाळ्या वाजविल्या.

आमची मार्गदर्शिका मोस्तारचीच. वय चाळिशीच्या आंत. ती म्हणाली, ‘नदीच्या एका अंगास मुसलमान, दुसऱ्या अंगास क्रोएट, मधें पूल, असें तुम्हांस वाटत असेल. चित्र सुंदर आहे, पण खरें नाहीं. पुलाचीं दोन्ही टोकें आमच्याच बाजूस होतीं. खरी फळी त्या तिकडल्या हमरस्त्यावर होती.’ तिची आई क्रोएट, वडील बोस्नियाक. तिचा मामा त्या हमरस्त्यापलीकडे राहतो. पायीं दहा मिनिटें. ‘पूल परत बांधायला जवळ जवळ अकरा वर्षें लागलीं,’ ती म्हणाली, ‘पण बांधला. मामाला मात्र अजून आमच्याकडे कॉफीस यायला वेळ मिळालेला नाहीं.’ सगळे हंसले. आम्हांस हंसतां आलें नाहीं.

याचें कारण आतां सांगणें प्राप्त आहे. मातोश्री गेल्यावर, २०१३ मध्यें, कोंकणांतील घराची आणि कलमांच्या बागेची वांटणी झाली. बागेंतील बांध दोन हात इकडचा कीं तिकडचा, यावरून प्रकरण मोजणीपर्यंत आणि तेथून कोर्टापर्यंत गेलें. मोजणी दादांनीं आणली. माजघराच्या मधोमध चिऱ्याची भिंत घातली ती मात्र आम्हीं. दादा तेथें राहतात; आमचा अर्धा भाग कुलुपांत असतो आणि आम्ही पुण्यास. तिकिटांची वही भिंतीच्या त्या बाजूस राहिली. दर वैशाखांत वहिनींकडून आंब्यांची पेटी येते. तिच्यांत चिठ्ठी नसते, पण पत्त्याचें अक्षर दादांचें असतें. पेटी पोंचल्याचें आम्हीं कधीं कळविलें नाहीं. तेव्हां आमच्या अबोल्यासही त्या पुलाइतकींच, अकरा वर्षें झालीं होतीं.

मार्गदर्शिकेकडून दुसरी एक गोष्ट कळली आणि आम्ही त्या दुपारीं मेळा सोडून तिच्यामागें लागलों. बोस्नियांत टपालखातीं तीन आहेत! एक सारायेव्होचें, एक मोस्तारच्या क्रोएटांचें, एक बान्या लुका येथील सर्बांचें; आणि तिन्ही आपापलीं निराळीं तिकिटें छापतात. बान्या लुका आमच्या मार्गांत नव्हती. पण मोस्तारमध्यें दोन खात्यांचीं दोन पोस्टें सांपडलीं. एकाचें तिकीट लावून पत्र दुसऱ्याच्या पेटींत टाकूं नका, असें आम्हांस दोन्हीकडे बजावण्यांत आलें. आम्हीं एक एक तिकीट घेतलें, पुलाचें एक कार्डही घेतलें, आणि त्या रात्रीं दिव्याखालीं बसून ‘तीर्थरूप दादांचे सेवेशीं, शि. सा. न. वि. वि.’ इतकें लिहिलें. पुढें सुचेना. सकाळीं बस निघाली तेव्हां कार्ड खिशांत तसेंच होतें.

सरहद्द ओलांडल्यावर मात्र तीं तिकिटें निरुपयोगी झालीं, हें लक्षांत आलें. तेथून समुद्राकाठचा रस्ता लागतो आणि एक मौजेचा प्रकार पाहावयास मिळतो. क्रोएशियाची किनारपट्टी न्यूम या गांवापाशीं तुटते. मधला वीसएक किलोमीटरचा तुकडा बोस्नियाचा. डुब्रोव्हनिकचें जुनें व्यापारी गणराज्य व्हेनिसला इतकें भीत असे, कीं १६९९ मध्यें त्यानें आपली जमीन तुर्कांस देऊन टाकली, म्हणजे मधें तरी कोणी राहील! बांध शेजाऱ्यास बहाल करण्याचें असें उदाहरण आमच्या तालुक्यांत घडलेलें नाहीं. तीन शतकांनंतर देश निराळे झाले आणि डुब्रोव्हनिकच्या माणसास स्वतःच्याच देशांत जातां येतां दोन नाकीं लागूं लागलीं. त्यावर उपाय म्हणून समुद्रावरून २.४ किलोमीटरचा पूल बांधला. युरोपीय संघानें खर्चाचा मोठा भाग उचलला आणि २६ जुलै २०२२ रोजीं तो खुला झाला. पूल खरोखर देखणा आहे. बसमधील मंडळींनीं छायाचित्रें घेतलीं. आम्हांस आमचें मागलें दार आठवलें. दादांच्या ओटीवरून जावें लागूं नये म्हणून आम्हीं परसाच्या बाजूनें भिंत फोडून तें पाडलें आहे. खर्च बराच आला, आणि आजवर तें दोनदां उघडलें.

डुब्रोव्हनिकबद्दल थोडक्यांत उरकतों, कारण त्याचीं चित्रें सर्वांनीं पाहिलीं आहेत. तटाची फेरी १९४० मीटरची. तटावरून पाहिलें कीं कौलें दोन रंगांचीं दिसतात: फिकीं जुनीं, आणि १९९१-९२ च्या तोफमाऱ्यानंतर घातलेलीं लालभडक. मोठ्या आगबोटी लागल्या कीं गल्ल्यांतून मुंग्यांसारखी माणसें चालतात. या नगरीचा ग्रामदेव संत ब्लेझ. याच संताच्या नांवाचें एक चर्च गोव्यांत, जुन्या गोव्याजवळ, गांवदाळीस आहे. सोळाव्या शतकांत तेथें वसलेल्या डुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनीं तें बांधलें असें मानतात. आमच्या मेळ्यांत हें कोणासच ठाऊक नव्हतें, त्यामुळें एक संध्याकाळभर आमची प्रतिष्ठा वाढली.

बोट लांकडी, दोन डोलकाठ्यांची. जाहिरातींतील चित्रांत तिचीं शिडें फुगलेलीं होतीं. प्रत्यक्षांत सात दिवसांत तीं दोनदां सोडलीं, बाकी सारा कारभार इंजिनाचा. तांडेलास विचारलें तर तो ‘पोमालो’ म्हणे. या एका शब्दावर सारें दाल्मेशिया चालतें. ‘सावकाश होऊं द्या’ असा त्याचा भाव. वाऱ्यांचीं नांवें मात्र त्यानें हौसेनें शिकविलीं. उन्हाळ्यांत दुपारीं वायव्येकडून येणारा गोड वारा तो माएस्त्राल. ईशान्येकडील डोंगरांवरून कोसळणारा थंड, कोरडा वारा तो बुरा. आणि आग्नेयेकडून ढग, दमटपणा व मोठ्या लाटा घेऊन येणारा तो युगो. युगो वाहूं लागला कीं माणसाचें डोकें ठिकाणावर राहत नाहीं. म्हणून जुन्या गणराज्यांत त्या दिवसांत कायदे मंजूर करीत नसत, असें सांगतात. आमच्या बांधाचा दावा दाखल झाला तो आषाढांत. वारा कोणता होता हें वकिलानें पाहिलें नसावें.

म्ल्येत बेटावरील शांत तळीं पाहून आम्ही कोर्चुलास आलों आणि त्याच रात्रीं युगो सुटला. बोट बंदरांत बांधलेली, तरी खाटा वरखालीं होत होत्या. झोंप कोणासच नव्हती. काळोखांत सिग्नलवाल्या गृहस्थांनीं विचारलें, ‘तुम्हांला भाऊ आहेत?’

‘एक. वडील.’

‘प्रकृति बरी असते?’

कसा साधा प्रश्न! पण आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वैशाखांतल्या पेटीवरील अक्षर आम्ही आठवूं लागलों. पिनकोडाचे आंकडे रेषेवरून खालीं उतरले होते. तेव्हां तें आम्हीं पाहिलें होतें, पण मनावर घेतलें नव्हतें. बऱ्याच वेळानें आम्ही म्हटलें, ‘ठाऊक नाहीं.’ गृहस्थांनीं कांहींच विचारलें नाहीं. थोड्या वेळानें ते आपणहून म्हणाले, कीं त्यांच्या भावाच्या अंत्यविधीची वार्ता त्यांस शेजारच्या गांवच्या वर्तमानपत्रांतून कळली. मग लाटांचे दणके तेवढे ऐकूं येत राहिले.

व्हिस बेट १९८९ पर्यंत लष्करी ठाणें असल्यामुळें परकीयांस बंद होतें. तेथील द्राक्षमळे अजून निवांत आहेत. पण आम्हांस ह्वार बेटावरील स्तारी ग्राद येथें जें दिसलें तें सांगावयाचें आहे. ख्रिस्तपूर्व ३८४ मध्यें पारोस बेटाहून ग्रीक लोक तेथें येऊन वसले आणि त्यांनीं गांवामागील सपाट जमीन मोजून तिचे सुमारें १८० बाय ९०० मीटरचे सारखे पट्टे पाडले. हद्दीस चुन्यावांचून नुसते दगड रचले. चोवीसशें वर्षें झालीं. ग्रीक गेले, रोमन गेले, व्हेनिस, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया सारीं येऊन गेलीं, आणि पट्टे बहुतांशीं तेच आहेत. २००८ पासून ती जमीन जागतिक वारशाच्या यादींत आहे. सकाळीं जैतुनांच्या सावलींतून आम्ही चालत गेलों. ते दगड पाहतांच आमच्या तोंडून शब्द निघाला, ‘गडगा!’ आमच्या बागेस घालतो तसाच तो: दगडावर दगड, मधून वारा जातो, सरडे राहतात, पावसाळ्यांत एखादा कोपरा ढांसळतो आणि दोन्हीकडल्या माणसांनीं मिळून तो रचावयाचा असतो. आमचा आणि दादांचा एक कोपरा २०१४ च्या पावसांत पडला तो तसाच आहे. तेथून गुरें शिरतात, असें गडी सांगतो.

मार्गदर्शिका म्हणाली, या बेटांवर एकेका पट्ट्याला कागदोपत्रीं पुष्कळ मालक असतात. कोणी ऑस्ट्रेलियांत, कोणी चिलींत, कोणी मरून गेलेले. विकतां येत नाहीं, पिकवितां येतें. आपल्या सातबाऱ्याची तिला कल्पना नव्हती. ती आम्हीं करून दिली.

स्तारी ग्रादच्या पोस्टांत आम्हीं क्रोएशियाचें तिकीट घेतलें आणि मोस्तारचें तेंच कार्ड काढलें. मायन्यापुढें लिहिलें: ‘येथील गडगे आपल्यासारखेच आहेत. सिरिलिक अजून वाचतां येतें. बोस्नियांत तीन टपालखातीं आहेत, हें आपणांस ठाऊक होतें काय? प्रकृति कशी आहे?’ जागा एवढीच होती. पेटींत टाकल्यावर खिडकीवरील बाईला तें परत मागावें असें क्षणभर वाटलें. दुसऱ्या दिवशीं स्प्लिटला रोमन बादशहाच्या वाड्यांत हिंडतांना मेळ्यांतील बायांनीं आम्हांस दोनदां विचारलें, कीं तुमचें लक्ष कोठें आहे?

कार्डास तेथून कोंकणांत पोंचावयास किती दिवस लागले तें कळलें नाहीं. दिवाळी होऊन गेली. कार्तिक संपतां संपतां पंधरा पैशांच्या जमान्यांतल्यासारखें एक साधें पोस्टकार्ड आमच्या दारांत आलें. अक्षर दादांचें, आणि खरोखरच रेषा सोडून उतरणारें:

‘चि. भाऊस अनेक आशीर्वाद. कार्ड पोंचलें. गुडघे सोडून प्रकृति बरी. डोळ्यांचें ऑपरेशन जानेवारींत ठरलें आहे. क्रोएशियाचें तिकीट आपल्या वहींत नव्हतें, तें पाण्यांत भिजवून काढून युगोस्लाव्हियाच्या पानासमोर लावलें आहे. बोस्नियाचीं तीन खातीं म्हणतोस, तर तिन्ही पाहिजेत. आणलींस काय? यावयाचें तर पुढल्या दारानें ये. मागें चिखल आहे.’

पाकीट उघडून पाहिलें. तिकिटें दोनच आहेत. तिसऱ्यासाठीं बान्या लुकाच्या पोस्टास पत्र घातलें आहे, आणि जानेवारीच्या दहा तारखेची गाडी धरली आहे. यंदा आमचें कुटुंबही येणार म्हणतें. तेथें जातांना बोट लागत नाहीं.